‘कोणत्याही डेटाबेसवर चालतं’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी जादा पैसे द्यावेत का?



बिलिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं यावरचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न दोन बाजूंनी येतोय. एकजण विचारतो, “सर, विकणारा म्हणतो की आमचं सॉफ्टवेअर कोणत्याही डेटाबेसवर चालतं, म्हणून महाग आहे. घ्यावं का?” दुसरा विचारतो, “मी घेतलेलं सॉफ्टवेअर एकाच डेटाबेसवर चालतं. पुढे अडकणार तर नाही ना?” व्हिडिओत दहा मिनिटांत हे नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. ज्याची एक-दोन दुकानं आहेत, त्याने सॉफ्टवेअर किती डेटाबेसवर चालतं यासाठी एक रुपयाही जादा देऊ नये. पण आपला डेटा पूर्णच्या पूर्ण, दुसरीकडे वापरता येईल अशा स्वरूपात, आपल्या हाताने बाहेर काढता येतो का, या मुद्द्यावर मात्र अडून बसावं. आणि तुमच्यापैकी जो स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकणार आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. तोही पुढे सांगतो.

गोदाम, गोदामवाला आणि माल

एखाद्या कृषी केंद्राचा विचार करा. समोर काउंटर आहे, मागे गोदाम आहे, गोदामात माल आहे, आणि माल कुठे ठेवलाय हे माहीत असलेला एक माणूस आहे. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. तुम्ही बिल बनवता ती स्क्रीन म्हणजे काउंटर. आत जी माहिती साठते, म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, उधारी, स्टॉक, बॅच नंबर, जुनी बिलं, ती म्हणजे माल. तो माल रचून ठेवणारा आणि मागितला की काढून देणारा जो प्रोग्राम, तो डेटाबेस. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट, अॅक्सेस ही सगळी या गोदामवाल्यांची नावं.

आता ‘पोर्टेबल’ हा शब्द. आपल्याकडे मोबाइल नंबर पोर्ट करणं सगळ्यांना माहीत आहे. ३ जुलै २०१५ पासून तर देशात कुठेही गेलं तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. यात टॉवर तुमच्यासोबत येत नाही, सिम येत नाही, नंबर येतो. कारण लोक तुम्हाला नंबरवरून ओळखतात. टॉवर कोणाचा आहे याच्याशी त्यांना काही घेणं नसतं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात, आणि घोळ इथेच होतो.

पहिली गोष्ट: सॉफ्टवेअर पोर्टेबल असणं. म्हणजे तेच काउंटर वेगवेगळ्या गोदामवाल्यांसोबत काम करू शकतं. आज मायएसक्यूएल, उद्या ओरॅकल.

दुसरी गोष्ट: डेटा पोर्टेबल असणं. म्हणजे काउंटर आणि गोदामवाला दोन्ही बदलले तरी तुमचा माल सुखरूप नव्या जागी नेता येतो.

विकणारा पहिल्या गोष्टीचे पैसे मागतो. दुकानदाराला गरज असते दुसरीची. आणि पहिली असली म्हणजे दुसरी असतेच, असं अजिबात नाही. पाच डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअरसुद्धा तुमची उधारीची यादी एक्सेलमध्ये काढू देत नसेल, तर तुम्ही अडकलेलेच आहात.

दुकानदाराचं नेमकं काय अडकतं?

आपल्या जिल्ह्यातला धंदा हंगामावर चालतो. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं, आणि कापूस-सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे वसुली सुरू होते. मधले चार-पाच महिने तुमचं भांडवल कुठे असतं? त्या सॉफ्टवेअरमधल्या उधारीच्या खात्यात. ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर बंद पडलं आणि यादी बाहेर काढता आली नाही, तर कोणाकडे किती बाकी आहे हे सांगायला उरतात फक्त कागदाच्या पावत्या आणि तोंडी आठवण.

जुना डेटा हाताने पुन्हा भरायला काय लागतं, याचाही हिशेब करून पाहा. समजा ३,००० आयटम आणि ६०० खाती आहेत, आणि एका नोंदीला सरासरी दोन मिनिटं लागतात. ३,६०० नोंदींना ७,२०० मिनिटं, म्हणजे १२० तास. गिऱ्हाईक सांभाळून रोज सहा तास बसलात तरी वीस दिवस. आणि यात जुनी बिलं धरलेलीच नाहीत.

जुनी बिलं सोडूनही देता येत नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते रेकॉर्ड ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवं. एप्रिल २०२३ मध्ये कापलेलं बिल पावणेआठ वर्षं सांभाळायचं आहे. एवढ्या काळात तुम्ही कॉम्प्युटर बदलाल, सॉफ्टवेअरही बदलाल, कदाचित सॉफ्टवेअर विकणाराच धंदा बदलेल. बिलं मात्र उघडता आली पाहिजेत.

फॉक्सप्रोने काय शिकवलं

एक जुनं उदाहरण बघू. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्याकडे हिशेबाची, मेडिकलची, पतसंस्थांची कितीतरी सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये बनलेली होती. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ती कंपनी विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही संपला.

ज्यांचं सॉफ्टवेअर फक्त फॉक्सप्रोवर चालत होतं, ते सगळे बुडाले का? नाही. कारण फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ नावाच्या फाइलमध्ये राहायचा, आणि त्या फाइलची रचना सगळ्यांना माहीत होती. ती एक्सेलमध्ये उघडते, लिब्रेऑफिसमध्येही उघडते. गोदामवाला रिटायर झाला, पण गोदामाला कुलूप नव्हतं. माल उचलून दुसरीकडे नेता आला.

म्हणजे सॉफ्टवेअर एकाच डेटाबेसला बांधलेलं होतं, तरी डेटा मोकळा होता. दुकानदाराला वाचवलं ते या मोकळेपणाने.

जीएसटी पोर्टल तुमचा डेटाबेस विचारत नाही

दुसरं उदाहरण तुम्ही दर महिन्याला किंवा तिमाहीला बघता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. देशातले व्यापारी डझनभर वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरत होते. कोणाचा डेटा टॅलीच्या स्वतःच्या रचनेत, कोणाचा एसक्यूएल सर्व्हरमध्ये, कोणाचा नुसता एक्सेलमध्ये. पोर्टलने काय केलं? सगळ्यांनी अमुक डेटाबेस वापरा असं म्हटलं नाही. रिटर्नची माहिती जेसन नावाच्या एका ठरावीक मांडणीत द्या, एवढंच म्हटलं. आत तुम्ही काहीही वापरा, दारातून बाहेर येताना मांडणी एकच.

म्हणून आज वणीचा सिमेंटवाला आणि पुसदचा कापडवाला वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरूनही एकाच पोर्टलवर रिटर्न भरतात. माहितीची देवाणघेवाण करायला गोदामवाले सारखे असावे लागत नाहीत, दारातली मांडणी ठरलेली असावी लागते. आपल्याला सॉफ्टवेअरकडून हेच हवं: एक्सेल, सीएसव्ही, एक्सएमएल किंवा जेसन अशा कोणत्याही खुल्या स्वरूपात माल बाहेर.

टॅलीचंच घ्या. टॅली स्वतःच्या डेटा-रचनेवर चालते, तुम्ही तिच्याखाली ओरॅकल किंवा मायएसक्यूएल बसवू शकत नाही. डेटाबेस-पोर्टेबिलिटीच्या परीक्षेत ती नापास आहे. तरीही लाखो व्यापारी वापरतात, कारण लेजर, व्हाउचर, स्टॉक सगळं एक्सेल आणि एक्सएमएलमध्ये बाहेर येतं, आणि टॅलीतून डेटा काढायची पद्धत माहीत असलेला माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो.

गावची सोसायटी आणि २,५१६ कोटी

आता जरा मोठं उदाहरण, पण आपल्या गावातलंच. विविध कार्यकारी सहकारी सोसायटी, जिथून शेतकरी पीककर्ज घेतो. अनेक सोसायट्यांचा कारभार वर्षानुवर्षं गटसचिवाच्या रजिस्टरमध्ये होता. काही ठिकाणी संगणक आले, पण प्रत्येक ठिकाणचं सॉफ्टवेअर वेगळं. वरच्या बँकेला एकसारखी माहिती मिळणार कशी?

केंद्र सरकारने २९ जून २०२२ ला ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. खर्च २,५१६ कोटी रुपये. सोसायटी, जिल्हा बँक, राज्य बँक आणि नाबार्ड यांना जोडणारं एकच क्लाउड सॉफ्टवेअर, हा त्याचा गाभा.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्याबरोबर *जुनं रेकॉर्ड डिजिटल करणं* हा योजनेचा वेगळा भाग होता. म्हणजे जुना डेटा नव्या घरात नेणं हे आपोआप होणारं काम नाही, त्याला वेगळा खर्च आणि वेगळी माणसं लागतात, हे सरकारनेही धरून ठेवलं. दोन, ज्या राज्यांनी आधीच संगणकीकरण पूर्ण केलं होतं, त्यांना प्रत्येक संस्थेमागे ५०,००० रुपये परत मिळण्याची तरतूद होती, पण अटींवर. सॉफ्टवेअर १ फेब्रुवारी २०१७ नंतर सुरू झालेलं हवं, हार्डवेअर ठरलेल्या निकषात बसणारं हवं, आणि राष्ट्रीय कॉमन सॉफ्टवेअरशी जोडून घ्यायची किंवा तेच वापरायची तयारी हवी.

नीट पाहा, यात प्रश्न एवढाच आहे की तुमची माहिती आमच्याकडे येऊ शकते का. उद्या तुमच्या दुकानालाही कोणी ना कोणी हेच विचारेल. कर्ज देणारी बँक विचारेल, ऑनलाइन ऑर्डर आणणारी कंपनी विचारेल, नवीन सीए विचारेल. ‘द्या’ म्हटलं की देता आलं पाहिजे.

मराठी नावांची गंमत

आता असा मुद्दा, जो इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपल्याकडे अनेक वर्षं मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा फॉन्टमध्ये चाललं. या जुन्या पद्धतीत स्क्रीनवर ‘पाटील’ दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठलेले असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. तोच डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला, जिथे तो फॉन्ट नाही, की कपडे उतरतात आणि नावांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसते.

इथे डेटाबेस कितीही पोर्टेबल असला तरी उपयोग नाही. गोदामवाल्याने जे दिलं ते प्रामाणिकपणे पोचवलं, मालच चुकीच्या लेबलने भरलेला होता.

यावर उपाय युनिकोड. मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो ते युनिकोड. तुमचं सॉफ्टवेअर युनिकोड वापरतं का, हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. सॉफ्टवेअरमधलं एखादं मराठी नाव कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. नाव मराठीत दिसलं तर ठीक. भलतंच काही दिसलं, तर तुमचा डेटा त्या फॉन्टला बांधलेला आहे. जुना डेटा युनिकोडमध्ये बदलणारी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. हे काम घाईच्या हंगामात नको, आधी करून ठेवा.

एक्सेलमध्ये आलं म्हणजे नीट आलं, असं नाही

डेटा बाहेर काढताना चार जागी हमखास गडबड होते.

१. *पुढचा शून्य.* तुरीसारख्या कडधान्यांचा एचएसएन कोड ०७१३ ने सुरू होतो. एक्सेल त्याला आकडा समजतं आणि ७१३ करून टाकतं. बॅच नंबरचंही तसंच.

२. *लांब आकडे.* भारतातल्या मालावरचा बारकोड ८९० ने सुरू होतो आणि बहुतेक वेळा १३ अंकी असतो. अरुंद रकान्यात एक्सेल तो दशांश चिन्ह आणि ई घालून आखूड दाखवतं. तशीच सीएसव्ही फाइल सेव्ह केली तर मूळ नंबर हातचा जातो. शून्य आणि बारकोड, दोन्हींसाठी उपाय एकच: फाइल इम्पोर्ट करताना ते रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या.

३. *तारखा.* ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल. अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरसाठी तो ४ मार्च. आर्थिक वर्षच बदलतं की हो! वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी मांडणी मिळत असेल तर तीच घ्या.

४. *पैसे.* एकूण बाकी जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये पैशापर्यंत जुळली पाहिजे. “दोन-चार रुपयांचा फरक चालतो” असं कोणी म्हटलं तर थांबा. दोन रुपयांच्या फरकामागे कधीकधी एक दोन हजारांची जमा आणि एक दोन हजार दोनची उधारी लपलेली असते.

आता सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी काहीजण स्वतः प्रॉडक्ट बनवताय. जिनिंगसाठी, कोचिंग क्लाससाठी, मेडिकलसाठी. तुमच्यासाठी डेटाबेस-पोर्टेबिलिटी हा खरा धंद्याचा प्रश्न आहे, कारण गिऱ्हाईक सांगू शकतं, “आमच्याकडे ओरॅकलचं लायसन्स आहे, त्यावरच बसवा.” बँका, मोठी हॉस्पिटलं आणि सरकारी कामं अशीच असतात.

कागदावर हे सोपं वाटतं. सगळे मोठे डेटाबेस एसक्यूएल भाषा बोलतात, आणि तिचं प्रमाणीकरण १९८६ मध्येच झालं. पण एसक्यूएलचं मराठीसारखंच आहे. पुस्तकातली भाषा एक, आणि यवतमाळची, कोल्हापूरची, मालवणची बोली वेगळी. ‘पहिल्या दहा नोंदी दे’ एवढंच सांगायचं तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये लिमिट लिहायचं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप, आणि ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत रोनम. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘माहिती नाही’ असं समजतं, बाकीचे तसं समजत नाहीत. इंग्रजीत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत लिहिलेलं एकच नाव मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये सारखं धरतं, पोस्टग्रेस वेगळं धरतं. गिऱ्हाइकाचं नाव शोधायला गेलं की इथेच फसगत होते.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं खुलं सॉफ्टवेअर, ऋषभ मेहता यांनी सुरू केलेलं, आज जगभर वापरलं जातं. त्याची वाढ मायएसक्यूएलच्या घराण्यातल्या मारियाडीबीवर झाली. त्याखालच्या फ्रॅपे फ्रेमवर्कमध्ये पुढे पोस्टग्रेसचाही पर्याय आला. तरी ईआरपीनेक्स्ट बसवणारे बहुतेक जण मारियाडीबीवरच बसवतात, कारण त्यावर ते सर्वात जास्त वापरून, तपासून झालेलं आहे. पाया दोन डेटाबेस ओळखतो म्हणून वरचा प्रत्येक रिपोर्ट दोन्हीकडे तितकाच पक्का चालतो असं होत नाही. प्रत्येक रिपोर्ट दोन्हीकडे तपासावा लागतो. डेटाबेस दोन म्हणजे टेस्टिंग दुप्पट, आणि रात्री फोन आल्यावर डोकेदुखीही दुप्पट.

दुसरीकडे, या अडचणीवरच धंदा उभा राहतो हेही पाहा. पुण्यात मोठं ऑफिस असलेली एंटरप्राइझडीबी ही कंपनी पोस्टग्रेसची अशी आवृत्ती विकते, जी ओरॅकलची बोली बऱ्याच अंशी समजते. ओरॅकलमधून बाहेर पडणं कठीण आहे, म्हणूनच त्या वस्तूला गिऱ्हाईक आहे.

नवीन बनवणाऱ्यांना माझा सल्ला असा:

- पहिल्या दिवशी एकच डेटाबेस निवडा, आणि तो खुला, फुकट आणि बरेच जण जाणणारा असू द्या. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी यातलं काहीही चालेल.
- जँगो, लाराव्हेलसारखं फ्रेमवर्क वापरा. ती मुळातच अनेक डेटाबेसशी बोलतात. त्यांच्या पद्धतीने लिहिलंत तर पुढे बदलायचं काम महिन्यांवरून आठवड्यांवर येऊ शकतं.
- डेटाबेसच्या खास बोलीत काही लिहावंच लागलं, तर ते सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. बदलताना कुठे हात घालायचा हे कळतं.
- दुसऱ्या डेटाबेसचं काम तेव्हाच घ्या, जेव्हा एखादं गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला तयार असेल. ‘कधीतरी लागेल’ म्हणून आधीच बांधू नका.
- गिऱ्हाइकाला डेटा बाहेर काढायचं बटण मात्र पहिल्या आवृत्तीपासून द्या. गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरू नका. ज्याला दार उघडं दिसतं तो आत यायला कचरत नाही.

दुकानदाराने डेटाबेसकडे कधी बघावं?

अगदीच दुर्लक्ष करा असंही नाही. एक बाब विचारून घ्या: मर्यादा किती? अॅक्सेसच्या एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीत, २०२२ च्या आवृत्तीपर्यंत, एका डेटाबेसला १० जीबी मिळतात. नुसत्या बिलांना एवढी जागा भरायला बरीच वर्षं लागतात, पण बिलांचे फोटो आत साठवत असाल तर लवकर भरते. आणि दोन-तीन काउंटरवरून एकाच वेळी बिलिंग होणार असेल, तर अॅक्सेससारख्या फाइलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या. एवढं बघितलं तरी पुरे.

पैसे देण्याआधी अर्ध्या तासाची परीक्षा

डेमो बघताना विकणारा बिल किती सुंदर छापतं ते दाखवेल. तुम्ही त्याला म्हणा, “भाऊ, आता यातून बाहेर कसं पडायचं ते दाखवा.” आणि या गोष्टी करून घ्या.

१. डेमोमध्ये दहा आयटम, पाच खाती आणि दहा बिलं टाका. त्यात एक मराठी नाव, एक ०७१३ एचएसएन, एक १३ अंकी बारकोड आणि एक ३ एप्रिलची तारीख असू द्या.

२. सगळं एक्सपोर्ट करायला सांगा. *बॅकअप नव्हे, एक्सपोर्ट.* बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडतो. एक्सपोर्ट दुसरीकडे उघडतो. बॅकअप म्हणजे कुलपासकट पेटी, आणि किल्ली विकणाऱ्याकडे.

३. ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर, त्याच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडा. दहाच्या दहा बिलं आलीत का? बिलातल्या आयटमच्या ओळी आल्यात का, की फक्त एकूण रक्कम आली? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रक्कम येते, ओळी येत नाहीत.

४. विचारा: वर्षाची फी भरली नाही तर जुनी बिलं दिसतील का? एक्सपोर्ट चालेल का? क्लाउडवालं असेल तर किती दिवस डेटा ठेवता?

५. विचारा: एक्सपोर्ट मी स्वतः करू शकतो, की तुमचा माणूस लागतो? माणूस लागत असेल तर त्याचा दर आजच ठरवा. जाताना ठरवायला गेलात तर दर त्याच्या मनाचा असतो.

आणि खास बनवून घेत असाल, तर करारात साध्या मराठीत एवढं लिहून घ्या: “सॉफ्टवेअरमधील सर्व माहिती दुकानमालकाच्या मालकीची आहे. मागणी केल्यापासून सात दिवसांत ती संपूर्ण माहिती, बिलातील प्रत्येक ओळीसह, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात जादा शुल्काशिवाय दिली जाईल. डेटाबेसचा पासवर्ड मालकाकडे राहील.” शेवटचं वाक्य विसरू नका. बनवणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्डही त्याच्यासोबत गेला, तर मायएसक्यूएल असो की ओरॅकल, तुमच्यासाठी सगळं सारखंच.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर आधीच आहे, त्यांनी मार्चअखेर एक काम नेमाने करावं. खात्यांची बाकी, स्टॉक आणि वर्षभराची बिलं अशा तीन फाइल एक्सपोर्ट करून एका पेनड्राइव्हवर आणि एका ईमेलवर ठेवाव्यात, आणि ठेवल्यावर त्या उघडून एकूण बाकी जुळवून घ्यावी. न उघडलेली फाइल म्हणजे न मोजलेलं पोतं. आत किती आहे हे वेळ आल्यावरच कळतं.

पुढच्या व्हिडिओत टॅलीतून खात्यांची बाकी आणि स्टॉक एक्सेलमध्ये कसा काढायचा, आणि बारकोडचा रकाना न बिघडवता तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कसा टाकायचा, हे स्क्रीनवर करून दाखवणार आहे. तोपर्यंत आपल्या सॉफ्टवेअरमधलं एक मराठी नाव व्हॉट्सअॅपवर पेस्ट करून बघा.